अध्यक्षपद संपल्यावर: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वकिलांच्या बारची माणसं

बार असोसिएशनचा माजी अध्यक्ष म्हणजे आपल्याकडे काय, तर बार रूमच्या भिंतीवरच्या लाकडी बोर्डावर पेंटने लिहिलेलं एक नाव आणि पुढे सन. निवडणुकीत पॅनेल पडतात, जेवणावळी होतात, व्हॉट्सअॅपवर हात जोडलेले फोटो फिरतात, मग निवडून आलेला माणूस पार्किंग आणि नवीन इमारतीसाठी निवेदनं देतो आणि मुदत संपली की गुपचूप आपल्या टेबलावर येऊन परत तारखा घ्यायला लागतो. मी स्वतः जिल्हा कोर्टात दिवाणी बाजू बघतो, त्यामुळे एवढा टोमणा मारायचा हक्क मला आहे असं समजा.

तर हे डोक्यात असताना अमेरिकेतल्या नॅशनल बार असोसिएशनच्या माजी अध्यक्षांबद्दल वाचत गेलो आणि वाचतच राहिलो. ही कृष्णवर्णीय वकिलांची संघटना, २०२५ मध्ये तिला शंभर वर्षं झाली. (इंटरनेटवर एनबीए टाकलं की बास्केटबॉलच येतं, तेव्हा पूर्ण नाव टाका.) या लोकांनी अध्यक्ष म्हणून काय केलं त्यापेक्षा त्याच्या आधी आणि नंतर काय केलं तेच जास्त भारी आहे, म्हणून हे लिहितोय.

संघटना का काढावी लागली ते आधी. तिकडची मुख्य संघटना म्हणजे अमेरिकन बार असोसिएशन. १९१२ साली तिच्या लक्षात आलं की आपण नकळत तीन कृष्णवर्णीय वकिलांना सभासद करून बसलोय. त्यातले एक विल्यम लुईस तर तेव्हा अमेरिकेचे असिस्टंट अॅटर्नी जनरल होते, म्हणजे राष्ट्राध्यक्ष टाफ्टच्या सरकारातला बडा कायदा अधिकारी, पण कार्यकारिणीने सरळ त्याचं सभासदत्व रद्द केलं! लुईसचे बॉस अॅटर्नी जनरल विकरशॅम भडकले, त्यांनी संघटनेच्या हजारो सभासदांना पत्रं धाडली, मग कुठे तडजोड झाली. तडजोड कशी तर वकीलच करू जाणे अशी: हे तिघे आले आहेत तर राहू देत, पण आपली पद्धत फक्त गोऱ्यांना घ्यायची आहे याची नोंद करा आणि पुढच्या प्रत्येक अर्जदाराचा वंश अर्जात लिहून घ्या. म्हणजे दार उघडं आहे असंही म्हणता येतं आणि आत कुणी येतही नाही. सभासदत्व वंशावर अवलंबून असणार नाही असा ठराव व्हायला १९४३ उजाडलं.

मग १९२५ च्या ऑगस्टमध्ये आयोवा राज्यातल्या डी मॉइन शहरात बारा वकिलांनी आपली वेगळी संघटना काढली. पाच आयोवाचे, पाच शिकागोचे, दोन कॅन्सस सिटीचे. न्यूयॉर्क नाही, वॉशिंग्टन नाही, मक्याच्या शेतांमधलं डी मॉइन! पहिले अध्यक्ष जॉर्ज वुडसन. हा माणूस आधी सैन्यात होता, कृष्णवर्णीय सैनिकांच्या पायदळ पलटणीत, मग हॉवर्ड विद्यापीठातून कायदा शिकला आणि वकिली कुठे केली तर आयोवातल्या बक्स्टन नावाच्या कोळसा खाणीच्या गावात. त्या गावात बराच काळ निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय खाणकामगारांची होती, पगार बरे होते, त्यामुळे वकिलाची फी द्यायला अशील तयार. हेच वुडसन १९०५ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉईस यांच्यासोबत, समान हक्कांसाठीची नायगरा चळवळ सुरू करणाऱ्या मोजक्या माणसांमध्ये होते. आणि डुबॉईस म्हटल्यावर आपल्याला आठवायलाच हवं की १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच डुबॉईसना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतल्या निग्रोंनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी. डुबॉईसचं उत्तरही आलं होतं. मुंबई हायकोर्टात सॉलिसिटर लोक ब्रीफ, म्हणजे केसेस, देत नव्हते तेव्हा बाबासाहेबांची वकिली कशी चालली हे ज्यांनी वाचलंय त्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल.

कारण माझ्या मते या सगळ्या माजी अध्यक्षांच्या करिअरची किल्ली एकच आहे, घर कुणाच्या पैशावर चालत होतं. लोक त्यांच्या धैर्याबद्दल लिहितात, ते होतंच, पण धैर्य महिनाअखेरीस भाडं भरत नाही. ज्याचे अशील, ज्याची कंपनी, ज्याचं ऑफिस आपल्याच लोकांमध्ये होतं तो कोर्टात ताठ उभा राहू शकला, कारण गोरा न्यायाधीश किंवा गोरा महापौर चिडला तरी उद्याची फी बुडत नव्हती.

होमर फिलिप्सचंच घ्या. सेंट लुईसचे वकील, संघटनेच्या अगदी सुरुवातीच्या अध्यक्षांपैकी. १९२३ मध्ये सेंट लुईस महापालिकेला ८ कोटी ७० लाख डॉलरचे कर्जरोखे काढायचे होते, त्याला मतदारांची मंजुरी लागत होती. फिलिप्सने पालिकेशी सौदा केला की यातले दहा-बारा लाख आमच्या लोकांच्या हॉस्पिटलला द्या, मी मतं आणतो. मतं आली, रोखे मंजूर झाले, आणि मग पालिकेने नेहमीप्रमाणे टाळाटाळ सुरू केली. नवीन हॉस्पिटल कशाला, जुन्यालाच एक कृष्णवर्णीयांचा वॉर्ड जोडून देऊ म्हणे. फिलिप्स वर्षानुवर्षं याच्या मागे लागला, हॉस्पिटल आमच्या वस्तीतच आणि स्वतंत्रच पाहिजे. हे असलं काम करणारा वकील आपल्या प्रत्येक तालुक्यात एखादा असतो, त्याला लोक हसतात, त्याच्या हातात कायम कागदांची पिशवी असते.

१८ जून १९३१ ला सकाळी फिलिप्स ट्रामची वाट बघत उभा होता, दोन जण आले आणि त्याला गोळ्या घालून गेले. संशयितांवर खटला चालला, सुटले. खून कुणी केला ते कधीच सिद्ध झालं नाही. हॉस्पिटल १९३७ मध्ये उघडलं, त्यालाच त्याचं नाव दिलं, आणि पुढची चार दशकं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय डॉक्टर आणि नर्सेसना ट्रेनिंग मिळण्याच्या अगदी मोजक्या जागांपैकी ते एक होतं. १९७९ मध्ये पालिकेनेच ते बंद केलं, लोक रस्त्यावर उतरले तरी.

आता फिलाडेल्फिया. रेमंड पेस अलेक्झांडर, १९२९ ते १९३१ अध्यक्ष. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले, आई लहानपणीच गेली, पोरगा पडेल ती कामं करत शिकला आणि १९२३ मध्ये हार्वर्डमधून वकील होऊन बाहेर पडला. आल्या आल्या कुणी काम देईना तेव्हा फौजदारी केसेस घेतल्या, नाव झालं, पैसा आला, आणि तीसच्या दशकात, मंदी चालू असताना, या गड्याने शहराच्या भर मध्यवस्तीत चेस्टनट स्ट्रीटवर स्वतःची ऑफिसची बिल्डिंग बांधली. गोरे घरमालक कृष्णवर्णीय वकिलाला चांगल्या जागेत गाळा भाड्याने देत नसत, त्यावर त्याने काढलेला तोडगा हा.

त्याची बर्विनची केस मला फार आवडली. फिलाडेल्फियाच्या बाहेरच्या या भागात १९३२ मध्ये नवी शाळा झाली आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगळं करून जुन्या इमारतीत बसवलं. पालकांनी मुलं शाळेतच पाठवायची बंद केली, दोन वर्षं! हजेरीच्या कायद्याखाली काही पालक जेलमध्ये जाऊन आले. अलेक्झांडर केस लढत राहिला आणि १९३४ मध्ये मुलं नव्या शाळेत गेली. हे दक्षिणेत नाही, उत्तरेत झालं हे लक्षात घ्या, जिथे कायद्याने असलं काही नव्हतंच म्हणे.

पुढे तो नगरसेवक झाला, आणि गिरार्ड कॉलेजच्या मृत्युपत्राची केस त्याने हातात घेतली. दिवाणी वकिलांनी ही जरूर वाचावी. स्टीफन गिरार्ड हा अतिश्रीमंत व्यापारी १८३१ मध्ये वारला, मृत्युपत्रात लिहून गेला की माझ्या पैशातून ‘गरीब, गोऱ्या, अनाथ मुलांसाठी’ निवासी शाळा काढा. शाळा निघाली, भोवती दगडी भिंत, आणि शंभर वर्षांत भिंतीबाहेरची वस्ती बदलून कृष्णवर्णीय झाली. मृत्युपत्र करणाऱ्याची इच्छा मोडायची कशी? मुद्दा असा काढला की ट्रस्ट चालवतंय शहराचं मंडळ, म्हणजे सरकारी यंत्रणा, आणि सरकारी यंत्रणेला वंशभेद करता येत नाही. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं. जिंकलो म्हणेपर्यंत खालच्या कोर्टाने शहराचं मंडळ काढून तिथे खाजगी विश्वस्त नेमले, की घ्या, आता सरकारी नाही! परत दहा-अकरा वर्षं गेली आणि १९६८ मध्ये पहिली कृष्णवर्णीय मुलं आत गेली. तोपर्यंत अलेक्झांडर स्वतः न्यायाधीश होऊन बसला होता, १९५९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या कोर्ट ऑफ कॉमन प्लीजमधला पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश म्हणून.

पण खरं सांगू का, त्या घरात जास्त हुशार बायको होती. सॅडी अलेक्झांडर. १९२१ मध्ये अर्थशास्त्रात पीएचडी, अमेरिकेत त्या विषयात पीएचडी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. तोडीची नोकरी कुणी देईना म्हणून एका कृष्णवर्णीय विमा कंपनीत विम्याचं गणित करायला गेली, मग परत आली, १९२७ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि नवऱ्याच्याच ऑफिसात मृत्युपत्रं, वारसा, घटस्फोट ही कामं सांभाळली. फौजदारीत पेपरात नाव येतं, पण ऑफिस महिनोनमहिने असल्या कामांवर चालतं हे कुठल्याही वकिलाला विचारा. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने १९४६ मध्ये नागरी हक्कांची समिती नेमली त्यात ती होती. आणि नॅशनल बार असोसिएशनमध्ये? १९४३ ते १९४७ सेक्रेटरी. अध्यक्ष नाही.

हे मला खटकतंच. बारा संस्थापकांमध्ये एक बाई होती, गर्ट्रूड रश, आयोवाची पहिली कृष्णवर्णीय महिला वकील, १९१८ पासून प्रॅक्टिस करत असलेली. संस्थापकांत बाई असलेल्या संघटनेला पहिली महिला अध्यक्ष मिळायला १९८१ उजाडलं, शिकागोच्या आर्नेट हबर्ड, ज्या पुढे शहराच्या निवडणूक आयुक्त झाल्या आणि नंतर कुक काउंटीच्या न्यायाधीश. म्हणजे ५६ वर्षं. ज्यांनी दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या रकान्यावर संघटना काढली त्यांच्याही डोक्यात एक रकाना होताच.

शिकागोचा विषय निघालाच आहे तर अर्ल डिकरसन. १९४५ ते ४७ अध्यक्ष. मिसिसिपीत जन्म, पंधराव्या वर्षी तिथून पळाला, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अधिकारी म्हणून जाऊन आला, १९२० मध्ये शिकागो विद्यापीठाची कायद्याची पदवी, आणि त्यानंतर लगेच एका नवीन कृष्णवर्णीय विमा कंपनीचा वकील. त्याच कंपनीत पन्नास वर्षं, शेवटी तिचा प्रेसिडेंट. विमा कंपनीचा वकील म्हणजे आपल्याला एमएसीटीत, म्हणजे मोटार अपघात न्यायाधिकरणात, बाजूला बसून हप्ता भरला नव्हता म्हणणारा माणूस आठवतो, पण हा वेगळा प्रकार होता.

शिकागोत तेव्हा वस्त्याच्या वस्त्या करारांनी बांधलेल्या होत्या, मालकांनी आपसात लिहून द्यायचं की आम्ही कुणीही कृष्णवर्णीयाला घर विकणार नाही, भाड्याने देणार नाही. १९३७ मध्ये कार्ल हॅन्सबेरी नावाच्या माणसाने अशा भागात घर घेतलं, कर्ज दिलं कुणी, तर डिकरसनच्या कंपनीने. बाकी बँका देतच नव्हत्या. शेजाऱ्यांनी घरावर दगडफेक केली, आठ वर्षांची मुलगी थोडक्यात वाचली, आणि वर कोर्टात दावा की घर खाली करा.

आता गंमत बघा. तो करार अंमलात यायची अट होती की ९५ टक्के मालकांच्या सह्या हव्यात. प्रत्यक्षात सह्या ५४ टक्क्यांच्या आसपास! पण आधीच्या एका दाव्यात दोन्ही बाजूंनी ‘९५ टक्के झाल्या’ असं मान्य करून टाकलं होतं, आणि इलिनॉयच्या कोर्टाने म्हटलं की तो निकाल सगळ्या परिसरावर बंधनकारक, आता परत उकरता येणार नाही. आपल्या भाषेत रेस ज्युडिकाटा, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११, म्हणजे एकदा ठरलेला मुद्दा परत चालवता येत नाही. डिकरसन, फ्रान्सिस स्ट्रॅडफर्ड आणि बाकीच्यांनी हे सुप्रीम कोर्टात नेलं आणि १९४० मध्ये जिंकलं: ज्या माणसाचं हित त्या जुन्या दाव्यातल्या पक्षकारांच्या उलट होतं, त्याच्या वतीने ते लढले असं धरून निकाल त्याच्या गळ्यात मारता येत नाही. करार मुळात चालतो की नाही हे कोर्टाने सोडूनच दिलं, ते १९४८ मध्ये सेंट लुईसच्या केसमध्ये ठरलं. पण घर राहिलं, अन् अमेरिकेत आजही प्रतिनिधिक दाव्यांचा, म्हणजे एकाने अनेकांच्या वतीने लढायच्या दाव्यांचा, विषय निघाला की ही केस शिकवतात.

स्ट्रॅडफर्ड हा १९२५ च्या बारा संस्थापकांपैकी. त्याच्या वडिलांचं टल्सा शहरात मोठं हॉटेल होतं, १९२१ च्या दंगलीत गोऱ्या जमावाने अख्खी वस्ती जाळली त्यात ते गेलं आणि वर म्हाताऱ्यावरच दंगल भडकवल्याचा गुन्हा दाखल. पोराने वकिली वापरून जामीन मिळवला आणि बापाला शिकागोत आणलं, परत पाठवलंच नाही. तो गुन्हा रद्द व्हायला १९९६ साल उजाडलं. चार वर्षांपूर्वी बापाला असं सोडवलेला माणूस डी मॉइनच्या त्या खोलीत बसला होता.

मग येतात फ्रेड ग्रे. मला विचाराल तर या सगळ्यांत मोठं करिअर यांचं, १९८५ मध्ये अध्यक्ष झाले पण तोपर्यंत तीस वर्षांचं काम मागे होतं. अलाबामातल्या माँटगोमेरीचा मुलगा. राज्यात कृष्णवर्णीयांना लॉ कॉलेजच नाही म्हणून राज्य बाहेर शिकायला पैसे देत असे, म्हणजे आपली कॉलेजं गोरी राहावीत म्हणून दिलेली स्कॉलरशिप. हा ओहायोत जाऊन शिकला, मनात ठरवून की परत यायचं आणि जे जे वेगळं-वेगळं आहे ते सगळं मोडायचं, आणि १९५४ मध्ये परत येऊन ऑफिस थाटलं. जवळच्याच दुकानात रोझा पार्क्स शिवणकाम करायच्या, जेवणाच्या सुट्टीत या पोराच्या ऑफिसात येऊन बसायच्या. १९५५ च्या मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनला बसमधली सीट गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही म्हणून अटक झाली, तिची केस ग्रेने घेतली, डिसेंबरमध्ये तसल्याच अटकेतली पार्क्सची घेतली. तेव्हा वय २४.

बहुतेकांना वाटतं पार्क्सच्या केसने बस मोकळ्या झाल्या. नाही. पार्क्सची फौजदारी केस राज्याच्या कोर्टात अडकून पडेल हे ग्रेने ओळखलं आणि १ फेब्रुवारी १९५६ ला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात वेगळा दिवाणी दावा टाकला, कोल्विन आणि इतर बायकांच्या नावाने, पार्क्सचं नाव मुद्दाम बाहेर ठेवून. त्याच दाव्यात नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बसमधला भेद घटनाबाह्य ठरवला. रस्त्यावर कृष्णवर्णीयांचा बसवर बहिष्कार चालू होता म्हणून दबाव होता, पण बसचा कायदा मोडला तो या दाव्याने. मधल्या काळात सरकारने ग्रेलाच धरलं, एका वादी बाईने दबावाखाली माघार घेतली तर ‘संमतीशिवाय वकिली केली’ म्हणून गुन्हा, आणि वर सैन्यभरतीचं बोलावणं, जरी हा चर्चचा प्रवचनकार म्हणून सूट मिळालेला होता. दोन्ही टिकलं नाही.

१९६० मध्ये टस्कीगीची केस. शहराची हद्द चौकोनी होती, राज्याने कायदा करून ती २८ बाजूंची केली, अशी वेडीवाकडी की सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर आणि गोरा एकही नाही. ग्रेने कोर्टात नकाशा लावला. नकाशा बघितल्यावर फार युक्तिवाद करायची गरजच नव्हती. आणि त्याच टस्कीगीत सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा ‘अभ्यास’ केला, आजारी लोकांना उपचार न देता नुसतं बघत बसले. त्या माणसांच्या वतीने दावा टाकणारा वकीलही ग्रेच, १९७४ मध्ये १ कोटी डॉलरचं सेटलमेंट.

राष्ट्राध्यक्ष कार्टरने ग्रेंना फेडरल न्यायाधीश करायला नाव दिलं होतं, पण विरोध झाला आणि १९८० मध्ये नाव मागे घ्यावं लागलं. पाच वर्षांनी ते इकडे अध्यक्ष झाले. आणि २००२ मध्ये अलाबामा स्टेट बारचे अध्यक्ष, पहिले कृष्णवर्णीय, म्हणजे ज्या राज्याने लॉ कॉलेजात घेतलं नाही तिथल्या सगळ्या वकिलांचे.

डेनिस आर्चरचा प्रवास त्याहून सरळ आहे आणि थोडा कमी रंगतदार, पण त्याच्यात गोष्टीची एक टोकाची बाजू आहे. १९८३-८४ मध्ये नॅशनल बार असोसिएशनचा अध्यक्ष, लगेच पुढे मिशिगन स्टेट बारचा, १९८६ ते ९० राज्याच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती, राजीनामा देऊन राजकारणात, १९९४ पासून दोन टर्म डेट्रॉइटचा महापौर. आणि २००३ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनचा अध्यक्ष, पहिला कृष्णवर्णीय. तीच संघटना, जिने लुईसचं सभासदत्व रद्द केलं होतं. माझ्या फीच्या सिद्धांताला आर्चर मात्र बसत नाही, त्याच्या पिढीला मोठ्या फर्म उघडल्या होत्या, सरकारी पदं उघडली होती, स्वतःची बिल्डिंग बांधायची गरज उरली नव्हती. अलीकडचे बेन क्रम्प, २०१५-१६ चे अध्यक्ष, पोलिसांच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर मिळवून देणारे, ते परत जुन्या वळणावर गेलेत, अशील आपले, फी केस जिंकल्यावर, आणि कॅमेरा कायम जवळ. त्यांच्याबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही.

ग्रे अजून एका बातमीत आले होते. माँटगोमेरीत ते ज्या रस्त्यावर वाढले त्याचं नाव जेफ डेव्हिस अॅव्हेन्यू, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणी संघराज्याच्या अध्यक्षाचं. २०२१ मध्ये शहराने ते बदलून फ्रेड ग्रे अॅव्हेन्यू केलं, तर अलाबामा राज्याने जुनी स्मारकं जपायच्या कायद्याखाली शहराला २५,००० डॉलर दंड ठोठावला. शहराने दंड भरला आणि पाटी तशीच ठेवली.